इरिडियम प्लगनं मायलेज वाढलं म्हणणाऱ्या खानापूरच्या वाचकाला उत्तर

दादा, तुमचं म्हणणं आधी सगळ्यांसाठी थोडक्यात मांडतो. तुमच्या शंभर सीसीच्या कार्बोरेटरवाल्या गाडीला इरिडियम प्लग (टोकाला इरिडियम धातू असलेला स्पार्क प्लग) घातल्यावर मायलेज पाच-सहा किलोमीटरनं वाढलं. चोर्ला घाट नेहमीचा, म्हणून मिस्त्रीनं कंपनीच्या नंबरापेक्षा एका नंबरानं जास्त ‘थंड’, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा, प्लग बसवला. आणि मी ‘कंपनीनं सांगितलेलाच प्लग घाला’ म्हणतो म्हणजे मी कंपनीचा एजंट.

एजंट म्हणा हो, पण मायलेजचा हिशेब जरा बघू. त्याच दिवशी कार्बोरेटर साफ केला आणि एअर फिल्टर बदलला, हे तुम्हीच लिहिलंय. जुना प्लग किती वर्षं चालला होता तेही आठवत नाही म्हणता. मग श्रेय एकट्या इरिडियमला का? प्लग झिजला की गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, मधूनमधून मिस होतं आणि पेट्रोल वाया जातं. तिथं नवा साधा प्लग घातला असता तरी गाडी सुधारलीच असती. प्लग ताकद निर्माण करत नाही, असलेली वाया जाऊ देत नाही, एवढंच त्याचं काम.

इरिडियम वाईट नाही. निकेल १४५५ अंशांना वितळतं, इरिडियम २४४६ला. म्हणून त्याचं टोक ०.६ मिलिमीटरइतकं बारीक ठेवता येतं, ठिणगी कमी व्होल्टेजला पडते आणि प्लग टिकतोही जास्त. वरच्या आरपीएमला पळणाऱ्या गाडीला किंवा प्लग काढायला अर्धी गाडी खोलावी लागते तिथं पैसे जरूर घाला. तुमच्या गाडीचा प्लग पान्यानं दोन मिनिटांत निघतो. एक मात्र सांगतो, इरिडियमचा गॅप ठोकून किंवा टोकाला गेज रेटून जुळवू नका. ते बारीक टोक तुटतं.

मला खरी काळजी त्या थंड प्लगची वाटते. थंड प्लगनं इंजिन थंड होत नाही. प्लगची उष्णता इंजिनच्या हेडमध्ये लवकर निघून जाते, त्यामुळे फक्त त्याचं टोक थंड राहतं. टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं तरच त्यावरचा कार्बन जळून जातो. ८००-८५०च्या पुढं गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेट घेतं. कंपनीचा नंबर या दोन्हींच्या मधला असतो आणि घाटाखालच्या केरीहून डबलसीट वर येणं त्यात धरलेलं असतं. तुम्ही घाटात असता आठवड्यातून एकदा. बाकी दिवस खानापूरचा बाजार आणि बेळगावात खडेबाजारची गर्दी, तीही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. तिथं थंड प्लगवर काजळी धरते. पावसाळ्यात सकाळी किक मारून पाय दुखायला लागले, तर आधी तिकडंच बघा.

त्यातही मिस्त्रीनं ‘एक नंबर’ कुठल्या कंपनीचा बदलला? एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये वाढला की गरम. ब्रँड बदलताना ‘सातच्या जागी आठ’ एवढ्यावर विसंबलं की नेमकं उलटं होतं. एकाचा नंबर दुसऱ्यात कुठला, हे तक्त्यातच बघावं लागतं. नंबरातला ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर. २०२० नंतरच्या बीएस-सिक्स इंजेक्शनवाल्या गाडीत ‘आर’ नसलेला प्लग घालू नका, ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, त्रास होतो. तुमच्या गाडीत ईसीयू नाही, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगून ठेवलं.

आता असं करा. कंपनीच्या नंबरचा नवा साधा प्लग घाला, गॅप मॅन्युअलप्रमाणे ठेवा. आधी हातानं पूर्ण बसवा, मग पान्यानं अर्धा फेरा, बास. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले की खर्च प्लगचा राहत नाही. मायलेज एकाच पंपावर टाकी फुल करून मोजा. टायरची हवाही दोन्ही वेळा सारखी ठेवा. सध्याचा इरिडियम काढाल तेव्हा, गार इंजिनवर, त्याच्या टोकाचा उन्हात फोटो घ्या. फिकट तपकिरी असेल तर चालू द्या, कोरडं काळं असेल तर नंबर बदला, तेलकट असेल तर दुखणं पिस्टनच्या रिंगचं नाहीतर व्हॉल्व्ह सीलचं. फोटो आणि प्लगवरचा पूर्ण नंबर इथंच टाका, मग बोलू.