पाठ दुखली तर घरी बसणं कोणाला परवडतं?

2022 मध्ये केंद्र सरकारने पॅरासिटामॉलसह 16 औषधं चिठ्ठीशिवाय विकू देण्याचा मसुदा काढला, तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर हा वाद अधूनमधून पेटतो. नेरूळच्या आत्याचं म्हणणं, लोक अडाणी, चणे-फुटाण्यासारख्या गोळ्या खातात, नियम कडकच हवेत. तिचा स्वतःचा गुडघा दुखला की फॅमिली डॉक्टर व्हॉट्सॲपवर गोळीचं नाव पाठवतात. तीही काही रीतसर चिठ्ठी नव्हे, पण तिला अडाणी कोण म्हणणार?

मी राहते इंग्लंडमध्ये, लीड्सला. इथे साध्या दुकानात पॅरासिटामॉलचं 16 गोळ्यांचंच पाकीट मिळतं, केमिस्टकडे 32 चं. 1998 पासूनचा नियम. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या गोळ्या तर 2015 पासून चिठ्ठीशिवाय नाहीतच, कारण हृदयाला धोका. हे ऐकून आत्या खूश.

पण कोपरखैरण्याचा मामा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होता. मेडिकलवाला कात्रीने पट्टी कापून दोन गोळ्या हातावर ठेवायचा. त्या तुकड्यावर नावाची अर्धी अक्षरं यायची, मुदतीची तारीख दुसऱ्याच तुकड्यावर. एक सकाळी, एक दुपारच्या चहाबरोबर, की गोण्या पुन्हा पाठीवर. पुढे बीपी वाढलं. डॉक्टरांनी विचारलं, कुठली गोळी घेता? मामा म्हणाला, "ती पिवळी, अंगदुखीची."

गोळी वाईट हे मामाला माहीत होतं. 1969 च्या माथाडी कायद्याने फंड आला, बोनस आला. पण टोळीची मजुरी उचललेल्या मालावरच ठरते. तो बसला की वाटा बुडाला.

इथेही वेगळं काय आहे? गोदामात रात्रपाळी करणारे खिशात को-कोडामॉल, म्हणजे पॅरासिटामॉल आणि अफूवर्गातलं कोडीन एकत्र असलेली गोळी, ठेवतात. पाकिटावर ठळक छापलेलं असतं, तीन दिवसांपेक्षा जास्त घेऊ नका. उत्तर इंग्लंडच्या गरीब भागांत तर अफूवर्गातली वेदनाशामकं डॉक्टरच जास्त लिहून देतात. म्हणजे चिठ्ठी आहे, तरी गोळी आहेच.

म्हणून माझ्या मते आधी पट्टी कापणं बंद करा. चार गोळ्यांचं स्वस्त, अखंड पाकीट काढा, त्यावर नाव आणि धोका मराठीत छापा. आणि पाठ धरली त्या दिवसाची मजुरी द्या.

पाकिटाचं आत्याला पटलं. मजुरीवर ती म्हणाली, "मग रोजच पाठ दुखेल त्यांची."