ते हसत नव्हतं

परवा रात्री जेवताना भाचीनं घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. मुठीत मावेल एवढा जीव, चेहऱ्याच्या मानानं केवढाले डोळे. कुणीतरी त्याच्या काखेत बोटं फिरवतंय आणि ते दोन्ही हात वर करून पडून आहे. बोटं थांबली तरी हात वरच. खाली भाचीचा मेसेज, "मामा, बघ की कसलं हसलालंय! आपल्याकडं मिळतंय का हे?"

मला घास गिळवेना. पंधरा वर्षांपूर्वी हाच व्हिडिओ मी स्वतः कितीतरी जणांना पाठवला होता.

तो प्राणी म्हणजे पिग्मी स्लो लोरिस. व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया आणि दक्षिण चीनच्या जंगलातला. हा मात्र रशियात एका घरात पाळलेला होता. जून २००९ मध्ये व्हिडिओ इंटरनेटवर आला आणि ऑक्टोबरपर्यंत जगभर पसरला. अ‍ॅना नेकारिस या लोरिसच्या अभ्यासक. त्यांनी सहकाऱ्यांसोबत त्याखालच्या ३३ महिन्यांतल्या १२,४११ प्रतिक्रिया तपासल्या. "किती गोड!" आणि "मलाही एक पाहिजे" म्हणणारे त्यात ढिगानं होते. फेब्रुवारी २०१२ मध्ये मूळ व्हिडिओ काढला गेला, पण तोवर त्याच्या नकला सगळीकडं पोचल्या होत्या. त्यातलीच एखादी परवा आमच्या ग्रुपवर आली.

एवढा का आवडला? मोठे डोळे, गोल डोकं, बारकं नाक दिसलं की माणसाला तान्हं बाळ आठवतं, हे कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ सालीच मांडलं होतं. म्हणजे भाचीची माया खोटी नव्हती. म्हणूनच तिला रागावून उपयोग नव्हता, समजावून सांगणं भाग होतं.

लोरिसच्या कोपराच्या आतल्या बाजूला एक ग्रंथी असते. तिचा स्राव लाळेत मिसळला की विष तयार होतं. लोरिस माकडांच्या गोतावळ्यातलेच, आणि त्यात विषारी म्हणून ओळखले जाणारे हे एवढेच. भीती वाटली की ते हात डोक्यावर नेतं, ग्रंथी तोंडापाशी आणतं आणि चावायची तयारी करतं. आपण ज्याला "अजून कर" समजलो ती त्याची बचावाची धडपड आहे. त्यात हा निशाचर प्राणी. उजेडात ते डोळे दिपून जातात.

विकणारे लोक चावण्याच्या भीतीनं त्याचे दात नखं कापायच्या कटरनं तोडतात. भूल न देता. जखम चिघळून कितीतरी मरतात. जगलेल्याला परत जंगलात सोडता येत नाही, कारण झाडाची साल खरवडून डिंक खायला दातच लागतात. २००७ पासून या प्राण्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. तरी मागणी आहे, आणि ती अशा व्हिडिओंतून वाढते.

"पण मामा, आपण तर नुसतं बघतोय," भाची म्हणाली. तिला मी माझ्या फोनवरचा दुसरा व्हिडिओ दाखवला. सोलापूर-बार्शी रस्त्यावर नान्नजचं माळरान आहे, माळढोकाचं अभयारण्य. तिथं लांडगे आहेत, काळवीट आहेत. महिन्याभरापूर्वी गावातल्या एका ग्रुपवर आलेली ती क्लिप: रात्रीची वेळ, दोन मोटारसायकली, हेडलाइटच्या उजेडात जीव खाऊन पळणारा लांडगा आणि मागून शिट्ट्या. खाली टाळ्यांच्या इमोजींची रांग. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात लांडगा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या यादीत आहे; असा पाठलाग गुन्हा ठरतो. आणि त्या लांडग्याला रात्रीतून पिल्लांसाठी भक्ष्य शोधायचं असतं, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. पाठलाग करणारी पोरं आपल्याच भागातली. त्यांना कुणीतरी टाळ्या देतं, म्हणून तर ती पुन्हा गाडी काढतात.

मला एवढंच म्हणायचंय. प्राण्याचा व्हिडिओ पुढं पाठवण्याआधी दहा सेकंद थांबा आणि कॅमेऱ्यामागं कोण आहे ते बघा. प्राणी मोकळा आहे का? त्याला पळून जायला वाट आहे का? नसेल, तर तो कितीही गोड दिसला तरी पाठवू नका. आपल्याकडचा असेल तर वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री नंबरवर कळवा.

मोटारसायकलवाल्या क्लिपखाली मी त्याच दिवशी "हे काढून टाका" असं लिहिलं होतं. अजून ती तिथंच आहे. उद्या सकाळी ती घेऊन वनविभागाच्या ऑफिसात जाणार आहे. भाचीनं लोरिसचा व्हिडिओ ग्रुपवरून काढला, आणि म्हणाली, "मामा, उद्या मीपण येते."