बुलहेडच्या लेखावरच्या कमेंटला उत्तर

नमस्कार. बुलहेड, म्हणजे युरोपातल्या ओढ्यांच्या तळाशी राहणारा छोटा मासा, त्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची कमेंट काल रात्री वाचली आणि खरं सांगतो, झोप नीट लागली नाही. तुमचं म्हणणं: लांबी चुकली, बुलहेड हा ट्राउट माशाची अंडी खातो ते लपवलं, नर स्वतःचीही अंडी खातो ते लिहिलं नाही, आणि शेवटी 'फोटो एकही नाही, म्हणजे पाण्यात पाय न घालता गुगलवरून उचललेला लेख'.

लांबीचं मान्य. मी 18 सेंटीमीटर लिहिलं होतं, ते जास्तच झालं, बहुतेक बुलहेड 10 च्या आतबाहेर असतात, 15 म्हणजे खूपच मोठा. दुरुस्त केलंय, थँक्यू.

पण ते शेवटचं वाक्य. तुमचं नाव नाही, ओळख नाही, आणि समोरच्याला सरळ चोर ठरवून मोकळे? मुद्दा मांडायची ही कुठली पद्धत?

नऊ वर्षं झाली मी या माशाच्या मागे आहे. मार्च-एप्रिलचं गुडघाभर पाणी, पाच मिनिटांत बोटं बधिर. पहिल्या वर्षी तर मला तो दिसायचाच नाही, कारण अंगावर खवले नाहीत, रंग तळातल्या खड्यांसारखा, दिवसभर दगडाखाली दडून राहणार, आणि पोटात हवेची पिशवी नसल्यामुळे इतर माशांसारखा पाण्यात तरंगत राहत नाही, सुळकन हातभर पुढे जातो की परत तळाला बसतो, आणि तिथे बसलेला असतानाही दिसत नाही. हे वाचून दोन मिनिटांत कळतं हो, पण नजर बसायला माझे दोन सीझन गेले.

आणि एकदा एक ताटाएवढा चपटा दगड मी एका बाजूने जरासा उचलला. दगडाच्या खालच्या अंगाला अंड्यांचा पिवळट नारिंगी गठ्ठा चिकटलेला, एकेक अंडं जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरचं, आणि खाली नर, रुंद डोकं काळपट पडलेलं. पळाला नाही. माझ्या बोटांपासून वीतभरावर छातीचे पर पंख्यासारखे हलवत राहिला, कारण अंड्यांवरून ताजं पाणी फिरलं नाही तर ती खराब होतात. तीन-चार आठवडे त्याचं हेच काम, मादी अंडी घालून केव्हाच निघून गेलेली. हे बघितलेल्या माणसाला तुम्ही म्हणताय पाण्यात पाय घातला नाही!

ट्राउटची अंडी? खातो की, सैल होऊन वाहत आलेली हाताशी लागली तर खाणारच, त्यात लपवायचं काय? ट्राउट बुलहेडला खातो त्याबद्दल मात्र तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. नर उपाशी असला की स्वतःची थोडी अंडी खातो, तेही खरं, पण लेख त्यावर नव्हता.

वीतभर उंचीचा बांधही या माशाला चढून जाता येत नाही, म्हणून ओढ्याचे तुकडे पडले की तोही तुकड्यातुकड्यात अडकतो. युरोपियन युनियनच्या 1992 च्या अधिवास निर्देशात, म्हणजे वन्य जीव आणि त्यांच्या राहायच्या जागा जपण्याच्या कायद्यात, त्याचं नाव उगाच नाहीये. अशा जिवावर मी टाइमपास म्हणून लिहीत नाही.

राहिला फोटो. एका हातात दगड, दुसऱ्या हातात कॅमेरा, म्हणजे दगड जास्त वेळ उचलून धरायला लागला असता आणि अंडी प्रवाहात सुटली असती. म्हणून होता तसा, होता तिथेच खाली ठेवला. फोटो नाही, आणि पुढच्या वर्षीही नसेल.