धातूच्या फोमने मेणाची साठवण वाढत नाही

एक दावा सध्या जोरात फिरतोय: पॅराफिन मेणात तांब्याचा सच्छिद्र फोम बसवला की उष्णतेची साठवण कित्येक पटींनी वाढते, सोलर गीझरला इवलीशी टाकी पुरते. फोमचे प्रयोग खरे आहेत, पण त्यातून काढलेला अर्थ उलटा आहे. तो ऐकून कोणी पैसे घालू नयेत, म्हणून हे लिहितोय.

‘साठवण वाढते.’ वाढत नाही, घटते. मेण उष्णता साठवतं ते मुख्यतः वितळताना, किलोमागे साधारण 200 किलोज्यूल. तांबं त्या तापमानाला वितळत नाही, नुसती जागा अडवतं. 95 टक्के पोकळ फोम घेतला तर लिटरमागे तांबं 50 मिलिलिटर. मेण 5 टक्केच कमी झालं, हे परवडेल. आता वजन पाहा: तांबं 450 ग्रॅम, मेण जेमतेम 800. किलोमागची साठवण 130च्या आसपास उतरते. ॲल्युमिनियम घेतलं तर 170. वाढतो तो उष्णता आत-बाहेर जाण्याचा वेग. टाकी तेवढीच, नळ मोठा.

‘वाहकता पंचवीसपट, मग वितळणंही पंचवीसपट लवकर.’ मेणाची वाहकता 0.2 वॅट प्रति मीटर-केल्विन, तांब्याची 400. फोम भरल्यावर मिश्रणाची 5च्या घरात जाऊ शकते, हे खरं. पण वितळलेलं मेण एरवी स्वतःच फिरतं, गरम वर, गार खाली, आणि उष्णता पसरवतं. जाळीत ते फिरणं अडखळतं, म्हणून वेळेतला फायदा त्या पटीच्या बराच अलीकडे थांबतो. गोठताना मात्र थंड पत्र्यावर आधी घट्ट थर जमतो आणि मागची उष्णता त्यातूनच यावी लागते. फोमची खरी किंमत तिथे कळते. तीही फोम पत्र्याला डाग देऊन (सोल्डर करून) नीट जोडला असेल तर. नुसता दाबून बसवलेला सांध्यावरच उष्णता अडवतो.

‘गळती थांबते.’ या फोमची छिद्रं बहुधा मिलिमीटरच्या मापाची असतात, पातळ मेण त्यातून ओघळतं. बंद डबा लागतोच. वितळताना मेण दहा टक्क्यांहून अधिक फुगतं, तेवढी जागाही सोडावी लागते.

‘मेणाऐवजी कुठलाही क्षार चालतो.’ कॅल्शियम क्लोराइडसारखे जलयुक्त क्षार ॲल्युमिनियम खातात. फोमच्या काड्या मुळातच बारीक, तिथे ही झीज सगळ्यात आधी भोवते.