नव्या सापाला सात दिवस हात न लावण्याच्या सूचनेबाबत आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय ग्राहक महोदय,

आपला अभिप्राय मी मंगळवारी रात्री दुकानाचे शटर ओढताना वाचला आणि घरी गेल्यावर पुन्हा दोन वेळा वाचला. ३० नोव्हेंबरला आमच्याकडून घेतलेल्या बॉल पायथन जातीच्या सापाने एकोणीस दिवस काहीही खाल्ले नाही, तो चावरा निघाला, दोन वेळा केलेला फोन उचलला गेला नाही, मेलेल्या उंदराचे सत्तर रुपये घेणे ही लूट आहे, आणि शेवटी, "सात दिवस हात लावू नका असे सांगून आजारी साप गळ्यात मारला, कारण बदलून देण्याची मुदतही सातच दिवसांची होती," असे आपण लिहिले आहे. फोनबाबत मी आपली मनापासून क्षमा मागतो. त्या दोन्ही वेळी माझा भाचा दुकानात एकटा होता आणि नंतर फोन केल्यावरही त्याने "मामा उद्या येतील" एवढेच तुटक उत्तर दिले. चिंतेत असलेल्या ग्राहकाशी असे बोलणे चूकच आहे. उंदीर मी घरीच वाढवतो, त्यांचे दाणापाणी व गोठवण्याचा खर्च त्या सत्तर रुपयांत आहे, याहून अधिक त्याविषयी मला काही सांगायचे नाही.

"गळ्यात मारला" हे शब्द मात्र मला फार लागले. दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी माझे दुकान मासे, पोपटाचे खाद्य आणि कुत्र्यांच्या पट्ट्यांवर चालते. सापाचे ग्राहक वर्षातून दोन-चार येतात आणि तेही एकमेकांचे ऐकून येतात. "हा आजारी जनावर विकतो" असे एकदा लोकांच्या मनात बसले, तर ते पुसायला मला किती वर्षे लागतील हे सांगता येत नाही. म्हणून त्या सात दिवसांविषयी सविस्तर लिहितो.

हा साप मूळचा पश्चिम व मध्य आफ्रिकेतला. तिथे तो दिवसा उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत दडून राहतो, अंधार पडल्यावर बाहेर येतो, आणि भ्याला की डोके मध्ये घालून स्वतःचा घट्ट गोळा करतो. त्याचे इंग्रजी नावही त्या गोळ्यावरूनच पडले. असा भित्रा प्राणी कापडी पिशवीतून एसटीने दिग्रसकडच्या गावी जातो, तेव्हा वास, आवाज, उजेड, पेटी असे सगळेच त्याच्यासाठी नवे असते, आणि वरून येणारा हात त्याला घारीच्या पंजासारखा वाटतो. भ्यालेला साप खात नाही, आणि खाल्ले तरी लगेच हाताळल्यास ओकून टाकतो. साप एकदा ओकला की त्याचे पोट सावरायला किमान दहा-बारा दिवस द्यावे लागतात आणि पुढचे भक्ष्य लहान द्यावे लागते. म्हणून पहिले सात दिवस फक्त पाणी बदलायचे, सातव्या किंवा आठव्या दिवशी दिवेलागणीला चिमट्याने उंदीर दाखवायचा, खाल्ल्यानंतर अठ्ठेचाळीस तास त्याला उचलायचे नाही, आणि मग एक दिवसाआड दहा मिनिटे, डोके न धरता, बाजूने दोन्ही हात पोटाखाली घालून उचलायचे. मी हे आपल्याला तोंडी सांगितले होते आणि निळ्या शाईने कागदावर लिहूनही दिले होते. साप पाळणारा कोणताही जाणकार आपल्याला हेच सांगेल.

आता आजाराविषयी. माझ्याकडील प्रत्येक सापाचे वजन व खाणे वहीत लिहिलेले असते. आपल्या सापाने १०, १७ आणि २४ नोव्हेंबर या तिन्ही सोमवारी, वजनाच्या साधारण दहावा हिस्सा भरेल असा एकेक उंदीर पहिल्याच झडपेत घेतला होता आणि विक्रीच्या दिवशी, आपल्यासमोर, काट्यावर तो २१२ ग्रॅम भरला होता. तोंडातून लाळ, श्वासाला घरघर किंवा अंगावर गोचीड नाही, हे आपण स्वतः टॉर्च लावून पाहिले होते. ती वही आजही गल्ल्यावर आहे आणि कोणीही येऊन पाहावी.

आपण घेऊन गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १ डिसेंबरला सायंकाळी, आपण मला कौतुकाने एक छायाचित्र पाठवले होते. त्यात साप आपल्या खांद्यावर आहे, मागे पानठेला आहे आणि त्याच्या शेपटीकडे पाच वेगवेगळे हात पोहोचलेले आहेत. मी उत्तरादाखल हात जोडल्याचे चिन्ह पाठवून मोकळा झालो. खरे तर त्याच क्षणी फोन करून "साहेब, त्याला आत ठेवा" असे मी सांगायला हवे होते. नवीन ग्राहकाचा विरस नको म्हणून गप्प राहिलो, याची बोचणी मला आहे. पण सात दिवसांची सूचना दुसऱ्याच दिवशी मोडली गेली असताना ती सूचना हाच डाव होता असे लिहिले जावे, हे मला न्यायाचे वाटत नाही.

१९ डिसेंबरला मी स्वतः मोटरसायकलने आपल्या घरी आलो होतो, याचा उल्लेख आपल्या अभिप्रायात नाही. ओसरीवर ठेवलेल्या काचेच्या पेटीत, उबेच्या बाजूला, माझ्या तापमापकाने २३ अंश दाखवले. तिथे ३१ ते ३२ अंश असायला हवेत आणि गार बाजू २५-२६ च्या खाली जाता कामा नये. ऊब आपोआप राखणाऱ्या थर्मोस्टॅटचा सेन्सर काचेच्या बाहेर लोंबत होता आणि उबेच्या गादीची पिन काढून तिथे मोबाइलचा चार्जर लावलेला होता. डिसेंबरात आपल्याकडे रात्री किती गारठा पडतो हे मी सांगायला नको. सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. बाहेरून ऊब मिळाली नाही तर गिळलेला उंदीर पोटात पचण्याऐवजी सडतो. त्यामुळे गारठलेला साप खायला नकार देतो तेव्हा तो आजारी असतोच असे नाही, तो स्वतःचा जीव जपत असतो. लपायला दोन जागा हव्यात, एक उबेकडे आणि एक गारव्याकडे, म्हणजे त्याला ऊब आणि आडोसा यांतून एकच निवडावे लागत नाही. पेटीत एकच फुटकी कुंडी होती. डोळे दुधाळ निळसर दिसत नव्हते, म्हणजे कात टाकण्याच्या तयारीमुळे खाणे बंद आहे असेही नव्हते.

शेपटीच्या वर, पाठीवर, दोन बारीक दातांची खरवड होती. दहाव्या दिवशी सोयाबीनच्या पोत्यांमागे सापडलेला जिवंत उंदीर रात्रभर पेटीत सोडला होता, असे आपणच सांगितले. भुकेला उंदीर न खाणाऱ्या सापाला कुरतडतो, म्हणून आम्ही गोठवलेला उंदीर देतो. तो रात्री फ्रिजच्या खालच्या खणात ठेवून विरघळवावा, देण्यापूर्वी कोमट पाण्यात गरम करावा आणि पुसून कोरडा करावा, कारण या सापाच्या ओठांवरच्या खळग्यांना उष्णता जाणवते आणि थंड उंदीर त्याला भक्ष्य वाटतच नाही. शिवाय धान्याजवळ पकडलेल्या उंदराने विषाची गोळी खाल्लेली असू शकते, हे शेतकऱ्याच्या घरात मी वेगळे सांगण्याची गरज नाही. आपला साप वाचला, हे नशीब.

चाव्याबद्दलही दोन शब्द. साप चावला त्या दिवशी आपण कोंबडी सोलून, हात नुसते पाण्याने धुऊन पेटीत हात घातला होता, असे वहिनींनी माझ्यासमोर सांगितले. ऊब आणि कोंबडीचा वास एकत्र आल्यावर सापाने हातालाच भक्ष्य समजणे स्वाभाविक आहे. हा साप बिनविषारी आहे आणि त्याच्या बारीक दातांच्या ओरखड्याची भीती बाळगू नये, पण सापाला हात लावण्याआधी आणि नंतरही साबणाने हात धुवावेत. नंतरचे धुणे आपल्या पोटासाठी, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर जुलाबाचे जंतू असू शकतात.

मी आलो त्या दिवशी ओसरीवर बसलेले आजोबा "हे त घोणसच हाय, मारून टाका" म्हणत होते. मी त्यांना सापाच्या अंगावरचे वेडेवाकडे ठिपके दाखवून घोणसच्या साखळीशी असलेला फरक समजावला, तरी त्यांची भीती योग्यच होती आणि ती जाऊ नये असे मला वाटते. गावात कपाशीची वेचणी सुरू आहे, पऱ्हाटीच्या ढिगात आणि गंजीखाली खरी घोणस आणि खरा नाग असतो. पानठेल्यावर साप खांद्यावर खेळताना पाहिलेले पोर उद्या वावरात ठिपक्यांचा साप उचलायला जाईल, या विचाराने मला त्या छायाचित्राची जास्त धास्ती वाटते. आपल्याकडचा कोणताही साप, मग तो नाग असो, धामण असो की अजगर, वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार घरी ठेवता येत नाही आणि आम्ही तो कधीही विकलेला नाही. आपला साप परदेशी जातीचा असून त्याची केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी आहे; तो कागद कृपया जपून ठेवावा.

बदलून देण्याची मुदत आणि हात न लावण्याचे दिवस सारखेच असल्याने आपल्या मनात शंका आली, हे मी समजू शकतो. दुकान चालवताना हे जुळणे माझ्या लक्षातच आले नव्हते. म्हणून यापुढे सापांसाठी ही मुदत वाढवून पंधरा दिवसांच्या आसपास करण्याचा विचार आहे, सूचनांचा छापील कागदही लवकरच करू, आणि सायंकाळी फोन उचलण्याची काही व्यवस्था नक्कीच लावू.

साप १९ डिसेंबरपासून माझ्याकडे आहे आणि त्याचे मी काही घेतलेले नाही. त्या रात्री वजन १९६ ग्रॅम भरले, म्हणजे साडेसात टक्क्यांच्या आसपास घट. ती दहा टक्क्यांच्या पुढे गेली असती तर मी त्याला थेट यवतमाळला पशुवैद्यकाकडे नेले असते. त्याला पाच दिवस अजिबात हात लावला नाही, पेटीवर चादर टाकून ठेवली. सहाव्या दिवशी, २५ डिसेंबरला, सायंकाळी सातच्या सुमारास दुकानातले दिवे मालवून मी कोमट केलेला अठरा ग्रॅमचा उंदीर चिमट्याने कुंडीच्या तोंडाशी धरला. आधी जीभ बाहेर आली, मग मान हळूहळू इंग्रजी एस अक्षरासारखी मागे वळली, आणि दोन मिनिटे तो तसाच थांबला. मी श्वास रोखून उभा होतो. मग झडप आली, तीन वेटोळी पडली, आणि दहा-बारा मिनिटांत उंदराची शेपटीसुद्धा दिसेनाशी झाली. भाच्याने याची चित्रफीत काढून आपल्याला पाठवली आहे.

पुढचा उंदीर मी १ जानेवारीला देणार आहे. तो त्याने घेतला, तर ४ जानेवारीच्या रविवारी आपण त्याला घेऊन जावे. आणि आपला विश्वास उरला नसेल, तर सापाची पूर्ण किंमत मी परत करीन, त्यासाठी अभिप्राय काढण्याची अट नाही. नेणार असाल तर सेन्सर काचेच्या आत उबेच्या बाजूला चिकटवून पेटी २ जानेवारीपासूनच चालू ठेवावी, गार बाजूला दुसरी कुंडी ठेवावी, मोबाइलचा चार्जर दुसऱ्या बोर्डावर लावावा, आणि सकाळ-रात्रीचे तापमान मला लिहून पाठवावे, म्हणजे मी त्याला इथून निघू देईन. रविवारी दुकान दुपारी दोनपर्यंतच उघडे असते.

आपला,
दुकानमालक