लागू नाही

काल रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी, मुदत संपायला अवघी २० मिनिटे उरलेली असताना, माझा पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज एकदाचा दाखल झाला आणि त्याची पावती वाचताना माझ्या संगणकाने आपल्या नेहमीच्या निर्विकार आवाजात सांगितले, 'दिव्यांगत्वाचा प्रकार : लागू नाही.' मी जन्मांध आहे. नागपुरातील विजेचे खांब, पदपथावर आडव्या लावलेल्या दुचाक्या आणि झाकण नसलेली गटारे यांना ही गोष्ट गेली ४६ वर्षे ठाऊक आहे. ती ठाऊक नाही फक्त या प्रवेशप्रणालीला.

त्या रकान्यात दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांची यादी दिलेली आहे, असे शेजारच्या मुलाने आज सकाळी पाहून सांगितले. माउसने टिचकी मारली की ती उघडते. टॅबची कळ दाबत गेले, म्हणजे आम्ही सगळे जसे जातो तसे गेले, की 'प्रवर्ग' या रकान्यावरून थेट 'बँक खाते क्रमांक' येतो. मध्ये काही होते याचा मागमूसही लागत नाही, आणि रिकाम्या राहिलेल्या जागी प्रणाली आपल्याच मनाने 'लागू नाही' भरून मोकळी होते. थोडक्यात, मला दिसत नाही हे सांगण्यासाठी मला दिसले पाहिजे. प्रमाणपत्र जोडण्याचा रकाना त्यामुळे उघडलाच नाही, आणि ज्या ५ टक्के राखीव जागांसाठी मी तीन दिवस घाम गाळला त्यांच्या यादीतून मी स्वहस्ते बाहेर पडलो.

सकाळी साडेदहाला मदतकेंद्राचा दूरध्वनी लागला. पलीकडच्या मुलीने सगळे ऐकून घेतले, मला दोन मिनिटे संतूर ऐकवले आणि परत येऊन विचारले, "घरात कोणी बघणारं नाही का जी, काका?" मी म्हणालो, आहे, पण प्रवेश मला घ्यायचा आहे. त्यावर ती म्हणाली, "तसं नाही जी, पण तुमच्याआधी कोणाचीच अशी तक्रार आली नाही." तिचा राग येत नाही, तिला पाच वाक्ये पाठ करून खुर्चीत बसवलेले आहे. राग येतो तो त्या पाचव्या वाक्याचा. तक्रार येईल कशी? तक्रारीच्या पानावरही चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहावी लागतात, तेव्हा कुठे तक्रारीचा रकाना उघडतो. दाराला कुलूप घालायचे आणि आतून म्हणायचे की कोणी आलेच नाही!

त्या वेड्यावाकड्या अक्षरांवर तर मी स्वतंत्र ग्रंथ लिहू शकेन. दुसऱ्या दिवशी मला शोध लागला की त्यांच्या शेजारी नाव नसलेले एक 'बटन' आहे आणि ते दाबले की अंक ऐकू येतात. येतात म्हणजे, गिट्टीखदानच्या रस्त्यावर ट्रक जात असताना कोणी तरी पलीकडून ओरडावे तसे येतात. ते ऐकण्यासाठी मला कूलर बंद करावा लागला. जूनमधल्या नागपुरात, पाऊस यायचा आहे आणि उकाडा जायचा नाही अशा दिवसांत, कूलर बंद करून बसणे म्हणजे काय ते इथल्या वाचकाला सांगायला नको. सहा अंक मिळाले, ते लिहिले, आणि उत्तर आले की सत्र समाप्त झाले आहे.

कारण अर्जाला दहा मिनिटांची मुदत होती. परीक्षेत आम्हाला तासाला किमान २० मिनिटे जादा देण्याचा नियम आहे. ज्या अर्जातून त्या परीक्षेपर्यंत पोहोचायचे तो मात्र दहा मिनिटांत हाकलून देतो, तेही न सांगता. संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे जागतिक निकष सांगतात की वेळ संपण्यापूर्वी सूचना द्यावी आणि एक कळ दाबून ती वाढवण्यासाठी निदान २० सेकंद तरी द्यावेत. या निकषांची पहिली आवृत्ती १९९९ सालची आहे. ज्याने ही प्रणाली लिहिली तो तेव्हा बहुधा पाळण्यात असेल. पण पाळण्यातून उठून त्याला आता बराच काळ लोटला असावा.

अर्जाच्या डोक्यावर लिहिले आहे, 'लाल रंगात दर्शविलेली माहिती भरणे अनिवार्य आहे.' यावर मी काहीही बोलणार नाही.

माहितीपुस्तिकेवर मात्र बोलणार. तिची अर्धी पाने स्कॅन केलेली आहेत, म्हणजे माझ्या संगणकाच्या लेखी कोरी, आणि उरलेली अर्धी कोणत्या तरी जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात असल्यामुळे वाचताना माझा एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मला वाचून दाखवणारी संगणकप्रणाली, चेटूक झाल्यासारखा बरळतो. पंचवीस वर्षांपूर्वी पदवीचा अर्ज भरताना खिडकीतले बाबू स्वतः एकेक ओळ मोठ्याने वाचत, मला विचारत आणि लिहीत. मागची रांग शिव्या घाले, पण अंधत्वाचा रकाना कधी सुटला नाही.

कायदा २०१६ चा आहे, नियम २०१७ चे. सेवा सुगम करायला दिलेली दोन वर्षे २०१९ मध्येच संपली. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचा नियम निव्वळ शिफारशींसारखा असून चालणार नाही असे बजावले, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. हे सर्व मी आज कलमांच्या क्रमांकांसह चार पानी तक्रारीत लिहिले, आणि त्यात 'अपंग'चे 'दिव्यांग' करताना रकाना मात्र तसाच का राहिला, असा एक टोमणाही मारला, जो मला फार आवडला.

इथवर मी न्यायाच्या बाजूने होतो. सहीशिवाय आपल्याकडे कोणी कागदाला कागद मानत नाही, म्हणून मी ती तक्रार छापली, पट्टी धरून सही केली, शेजारच्या मुलाला चारही पानांचे फोटो काढायला लावले आणि ते जोडून ईमेल धाडून दिला. मुलगा शिकवणीला निघून गेल्यावर पाठवलेले एकदा ऐकावे म्हणून जोडपत्र उघडले, तेव्हा एनव्हीडीए म्हणाला, 'ग्राफिक.' चार वेळा म्हणाला. सुगम्यतेच्या हक्कावरचे माझे चार पानी भाषण मला स्वतःलाच वाचता येत नव्हते. मी कूलरवर ओरडलो, कारण घरात दुसरे कोणी नव्हते. पत्नी अमरावतीला माहेरी गेली आहे, आणि ती इथे असती तर तिने एवढेच विचारले असते की मूळ फाइलच का नाही पाठवली.

मूळ फाइल मग पाठवली. दुपारी मदतकेंद्राच्या त्याच मुलीचा फोन आला की दुरुस्तीचा दुवा उद्या ११ वाजता उघडेल आणि त्यात दिव्यांगत्वाचा प्रकार बदलता येईल. मी विचारले की रकाना तोच आहे का. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "तोच आहे जी."

आता संध्याकाळी माझ्या तक्रारीची पोचही आली आहे. मजकूर कोरा आहे आणि खाली एक जोडपत्र आहे, ग्राफिक. मुलगा शिकवणीहून साडेआठला येतो.