तेरा अंश वाढले म्हणून अपग्रेड फसलं?

नमस्कार. तुम्ही सविस्तर लिहिलंत, तर उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: एएमडीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर काढून रायझन ७ ५८००एक्स बसवला, कुलर तोच ठेवला, आणि रेंडर करताना तापमानाचा आकडा ७२ वरून ८५ अंशांवर गेला. म्हणजे पेस्ट (प्रोसेसर आणि कुलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप) नीट लागलेली नाही, प्रोसेसर लवकर मरणार, आणि मी 'ठीक आहे' म्हणून वेळ मारून नेली.

नाही, वेळ मारून नेलेली नाही. तुम्ही दोन्ही आकडे शेजारी ठेवलेत, पण त्यांच्यामागचे वॉट पाहिलेच नाहीत. ३६०० ला सॉकेटमधून जास्तीत जास्त ८८ वॉट घेण्याची मुभा आहे, ५८००एक्सला १४२. त्याच रेंडरमध्ये मी मोजलं तेव्हा जुना साधारण ८५ वॉट खात होता, नवा १२५. खोली दोन्ही वेळा २६ अंशांवर. खोलीचं तापमान वजा करा: जुना ४६ अंश वर, नवा ५९ अंश वर. आता वॉटने भागा. जुन्याचं उत्तर येतं वॉटमागे ०.५४ अंश, नव्याचं ०.४७. पेस्ट बिघडली असती तर हा दुसरा आकडा वाढायला हवा होता, तो तर कमी झालाय.

त्यात ५८००एक्सचे आठही कोअर एकाच चिपलेटवर, म्हणजे सिलिकॉनच्या एकाच छोट्या तुकड्यावर आहेत, जेमतेम ८० चौरस मिलिमीटरच्या. एवढ्याशा जागेतून एवढी उष्णता बाहेर काढायची म्हटल्यावर भलामोठा कुलर लावूनही आकडा हवा तितका उतरत नाही. अडतं ते चिप आणि प्रोसेसरच्या वरच्या धातूच्या झाकणाच्या मध्ये. एएमडीने या प्रोसेसरला ९० अंशांची मर्यादा दिली आहे. तिथे पोचला की तो स्वतःच क्लॉक, म्हणजे वेग, उतरवतो. पुढच्या ७००० मालिकेत तर सगळ्या कोअरवर लोड असताना ९५ अंशांपर्यंत जाणं हे गृहीतच धरलंय.

आकडा सगळीकडे एकाच अर्थाचा असतो असंही नाही. २०१७ मधले १७००एक्स आणि १८००एक्स आठवतात? त्यांचं सेन्सर खऱ्यापेक्षा २० अंश जास्त दाखवायचं, तेही मुद्दाम, पंख्याचं गणित जुळावं म्हणून. तेव्हा घाबरून कुलर बदलणारे कमी नव्हते.

ब्राउझर उघडताच ६० वर उडी जाते, हेही तुम्ही लिहिलंय. एक कोअर क्षणभर ४.७ गिगाहर्ट्झच्या आसपास जातो आणि सेन्सर सगळ्यात तापलेली जागा दाखवतो, एवढंच. त्यापायी पंखा सारखा घुरघुरतो हा त्रास मात्र खरा. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पंख्याला काही सेकंद उशिरा प्रतिसाद द्यायला लावा, बंद होईल. आयडलचे, म्हणजे काम नसतानाचे आकडे तुलनेसाठी मी बघतच नाही.

खोली जास्त तापते, हा तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. तिथे अंश नाही, वॉट मोजायचे: हे जादा ४० वॉट खोलीतच येणार, कुलर कोणताही लावा. खटकत असेल तर ईको मोड (प्रोसेसरचे वॉट कमी ठेवणारी सोय) ६५ वॉटवर ठेवा, मर्यादा परत ८८ वर येते. रेंडरला थोडा जास्त वेळ लागेल, एका कोअरच्या कामात फारसा फरक जाणवणार नाही. आयुष्याची काळजी असेल तर हातानं व्होल्टेज वाढवू नका; त्याची धास्ती मला ८५ अंशांपेक्षा जास्त वाटते.

तरीही पेस्टचा संशय जात नसेल तर हे करा. केसचं झाकण लावून, पंखे एकाच वेगावर बांधून, अर्धा तास लोड द्या आणि एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये वॉट, क्लॉक, अंश तिन्ही बघा. १४२ च्या बरेच खाली, समजा १०० वॉटलाच, ९० अंश होऊन क्लॉक पडू लागले तर कुलर काढा. आधी कुलरच्या तळाची पारदर्शक फिल्म सोलली होती का ते बघा, मग स्क्रू सारखे आवळलेत का ते. तसं झालं तर तिन्ही आकडे खोलीच्या तापमानासकट इथे टाका, बघू.